उजेडाला धरून

एकतीस वर्षं नोटा तपासल्या, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
कागद उजेडाला धरायचा, वॉटरमार्क बघायचा,
नंबर केसभर सरकला तरी लाल पेन्सिल.
हात अजून विसरलेला नाही:
भाजीवाल्याची दहाचीसुद्धा
आधी वर जाते, मग खिशात.

आणि परवा कॅनडा कॉर्नरच्या सेंटरवर
सायमा कोकणीनं विचारलं,
"काका, बीपीच्या कोणत्या गोळ्या घेता?"
मी म्हणालो, "पांढरी."
तिचं पेन थांबलं.
"आणि एक गुलाबीसर. ती अर्धी."
खिशातून पट्टी काढून दिली, कात्रीनं कापलेली,
दोन गोळ्या माझ्याकडे,
नाव दुकानदाराकडे राहिलेलं.

खरं तर मुद्दामच कमी बोललो.
बारा दिवस थांबून तारीख मिळालेली,
जास्त सांगितलं की पुढे ढकलतील.
शेजारचे पगारे कानाशी लागले,
"मी तर तीन दिवस झाले, बंदच केली. भानगडच नको."
सायमाला ऐकू गेलं.
त्यांच्या दंडाला पट्टा, फुस्स फुस्स,
एकशे शहाण्णव.
पगारे मग बराच वेळ भिंतीकडे बघत होते.

विमलला फोन लावला.
तिनं डबा उपडा केला असणार,
ताटात गारा पडाव्यात तसा आवाज.
चष्मा शोधला, अक्षर अक्षर वाचलं:
टेल, मी, सार, टन.
पांढरीच्या पोटात लघवीचंही औषध, एकाच गोळीत दोन.
आणि ती गुलाबी, नाडी धीमी ठेवणारी.

"ही आधी कळायला हवी," सायमा म्हणाली.
"शिरेतल्या औषधाची रिअॅक्शन आलीच,
तर आम्ही जे इंजेक्शन देतो
त्याला ही आडवी येऊ शकते.
बंद करा म्हणत नाहीये, काका.
सांगा म्हणतेय."
किडनीचा रिपोर्ट होता. मागच्या दिवाळीचा.
"जुना झाला. रक्त द्या, गुरुवारी या.
गोळ्यांचं तुमचे डॉक्टर ठरवतील.
मी नाही, तुम्ही नाही,
आणि पगारेकाका तर मुळीच नाहीत."

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून
माझ्यापुरतं सांगितलं:
गुरुवारी सकाळी पांढरी नको, गुलाबी नेहमीसारखी,
पांढरी पुन्हा कधी ते मी कळवीन.
पगाऱ्यांना वेगळंच सांगितलं म्हणे.

सुई. मग घशात नाण्याची चव,
ओटीपोटात अशी ऊब
की माणसानं हळूच चाचपून बघावं.
तिनं आधी बजावलं होतं म्हणून नाही चाचपलं.
मशीन हिंदीत म्हणालं, साँस रोकिए.
कडं फिरलं डोक्यावरून
आणि वाटलं, कुणीतरी मला चिमटीत धरून
उजेडाला लावलंय,
बघतंय, आत काय सरकलंय.

अर्धा तास बाकावर. सुई हातातच.
पाणी, आणखी पाणी.

आता पाकिटात, नोटांच्या मागे, एक चिठ्ठी आहे.
नाव, मिलिग्रॅम, वेळ. विमलच्या अक्षरात.
रात्री सवयीनं दिव्याला धरली
तर मागच्या बाजूला अजून एक ओळ,
तिची स्वतःची गोळी.
"ही केव्हापासून?"
"तुम्ही प्रेसला होतात ना," म्हणाली,
आणि डब्याचं झाकण लावलं.