क्रमांक ४१२

द्वारकाबाई चांदवडकरांच्या पेट्या उघडतोय.
डांबरगोळ्यांचा वास. रद्दीत दाबलेली रोपं:
लासलगावच्या कांद्याच्या भावावर आषाढ आमरी,
सर्कशीच्या जाहिरातीला चिकटलेला
सोनकीचा एक देठ.

नाशकातल्या शाळेत शिवण शिकवायच्या.
रविवारी त्र्यंबकची एसटी, नऊवारीचा काष्टा,
अंजनेरीच्या कड्यावर पोटावर पालथ्या —
गुराखी पोरं विचारायची, बाई, काय हरवलं?

पक्की केलेली रोपं कागदाला शिवलेली,
टाका इतका बारीक
की देठाला कळू नये.

चारशे बारावा कागद मात्र कोरा.
खाली चिठ्ठी, जांभळी शाई:
‘कंदीलपुष्प. उत्तरेची कड, कातळाच्या फटीत.
एकच होतं.
वाऱ्यानं हललं, तेवढं पाहिलं.’

साहेब म्हणाले, नमुनाच नाही, यादीतून काढा.
मी शिक्का मारला.
कोऱ्या कागदाला चार टाके आहेत,
रिकाम्या जागेभोवती.