एकसष्ट नंबरचा खण

रुवैसच्या गेटवर दोन वस्तू काढून ठेवाव्या लागतात,
लायटर आणि मोबाइल.
आत वायू आहे, ठिणगीला बंदी.
एकसष्ट नंबरचा खण माझा.
अकरा तास दोघं अंधारात शेजारी पडलेले,
काय बोलत असतील कोण जाणे.

सुटल्यावर आधी लायटरकडे जायचा हात. सतरा वर्षं.
मोबाइल मागाहून,
बस यायच्या आत एक, बस आली की अर्धी.

अ‍ॅप टाकून दिलं शकीलभाई मुकादमांनी.
बाणकोटचे. छातीत एक स्प्रिंग बसवलेली, असं स्वतःच सांगतात.
"पैसे पडत नाहीत रे खोता, बघ तरी."
बघितलं.
पहिल्याच पडद्यावर त्याने विचारलं, दिवसाला किती?
मी लिहिलं, आठ.
होत्या बावीस.
घरी सांगतो तेवढ्याच यंत्रालाही सांगितल्या.

मग आठवडाभर ते बिचारं
आठांचाच हिशेब मांडत बसलं,
इतके दिरहम वाचले, शाब्बास.
माझ्याच थापेची शाब्बासकी मला पचेना.
एका रात्री कॅम्पच्या जिन्यात,
कूलरचं पाणी ठिबकत होतं तिथे बसून,
आठ खोडून बावीस केले.
काही झालं नाही.
आकडा बदलला, बस्स.
कुणी कपाळावर हात मारला नाही.

तलफ आली की बटण दाबायचं.
किती मोठी? एक ते दहा.
कारण काय? ताण, जेवण, मित्र, कंटाळा, इतर.
मी दर वेळी इतर.
इतरच्या खाली एक रिकामी ओळ असते,
तिथे मराठी चालते हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

"पगार सात तारखेला म्हणाले, आज सोळा."
"शमाल सुटलाय, दातांत वाळू."
"थापाने पाकीट पुढे केलं, नाही म्हणायला तोंड होतं, हाताला नव्हतं."
"सुलेखाने विचारलं जेवलास का. जेवलो होतो. तरी."
"दहा मिनिटांच्या सुट्टीत हातांचं करायचं काय?"

लिहीपर्यंत चार मिनिटं जातात.
तलफ तेवढीच असते, असं ते म्हणतं.
माझी सहा मिनिटांची आहे,
पण माझी अक्षरंही सावकाश उमटतात.

एकोणिसाव्या दिवशी ओढली.
कंप्रेसर शेडमागे नव्हे, उघड, बसच्या रांगेत.
सलग तीन.
पुढे चार दिवस अ‍ॅप उघडलं नाही,
उधारी थकलेल्या दुकानासमोरून जावं
तसा त्या चौकोनावरून अंगठा सरकवत राहिलो.
रोज सहा वाजून दहा मिनिटांनी ते विचारायचं:
आज कसं आहे?
कळतं मला. हे कुणी विचारत नाही.
हा लावलेला गजर आहे, हजारोंच्या खिशात एकाच वेळी वाजणारा.
पण गजरानेही माणूस उठतोच की.
पाचव्या दिवशी लिहिलं: तीन.
आणि खाली, इतरमध्ये:
"लाज."
त्याने पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.
मागचे एकोणीस पुसले नाहीत, बाजूला ठेवले.

काल रात्री ते सगळे इतर वरून खाली वाचले.
दोनशेच्या वर ओळी.
सतरा वर्षांत मी घरी खुशालीशिवाय काही कळवलं नव्हतं,
आणि इथे, धुराच्या वहीत,
माझा अख्खा रुवैस.
सुलेखाला पाठवावं असं वाटलं.
पाठवलं नाही अजून.

आज एक्केचाळीस.
गेटवरचा लीलाबहादुर मोबाइल हातात देतो,
खणात वाकून बघतो,
"भाई, ये रह गया."
राहू दे म्हणतो.
फेकवत नाही, अजून गॅस आहे त्यात.
रात्रभर एकटाच असतो तिथे.
बस येते. सहा वाजून दहा होतात.
मी इतर उघडतो.