आरोळी

सोमवारी तोरगाइरच्या दाढेवरची कॅप
ब्रेडच्या घासात निघाली, आणि त्यानं ती
खडा समजून फ्योर्डमध्ये थुंकली.
मंगळवारी फेरीबोट चुकली, तीही
एका दोरखंडाच्या अंतरानं. डेकवरचा शाळासोबती
हात हलवत राहिला.
हातच फक्त.
बुधवारी गाडीच्या काचेला तांदळाएवढा तडा,
गुरुवारपर्यंत त्याची नदी झाली,
उपनद्यांसकट.
वॉशिंग मशीनचं बोलूच नये.
मेंढ्यांनी कुंपण ओलांडून गुद्वाइगचे कोबी खाल्ले,
त्याचंही बोलू नये,
कारण गुद्वाइगच आता बोलत नाही.

अशा आठवड्यात माणसानं पांघरूण घेऊन पडावं.
यानं बिअर करायला घेतली.

शनिवारी पहाटे चारला, अंगणात
तांब्याचं हंड्याएवढं भांडं, खाली बर्चची लाकडं,
पाण्यात ज्युनिपरच्या काटेरी फांद्या.
पाणी हळूहळू चहाच्या रंगाचं होत गेलं
आणि अंगणाला वास आला
जंगलानं न्हाऊन केस सोडल्यासारखा.
मग माल्ट. मग ढवळणं. वाट बघणं. ढवळणं.
मोजायची काचेची नळी टेबलावरून घरंगळली
(घरंगळणारच होती)
तेव्हा त्यानं आईसारखं बोट बुडवलं,
चाटलं, म्हणाला, चालेल.

यीस्ट त्या खोऱ्यात कुणी विकत आणत नाही.
विरजणच ते. घरोघरी जपायचं,
गेलं तर शेजारी मागायचं.
याचं आईकडून आलेलं, तिचं तिच्या आईकडून,
फ्रीझरमधल्या बरणीत अख्खं घराणं.
आणि फ्यूज उडाला होता.
कधी, देव जाणे.
मासे पाघळलेले, बरणीत करडा चिखल,
झाकण उघडताच मांजरसुद्धा उठून गेलं.

इकडे रस निवत होता.
आत्ताच काढलेल्या दुधाइतका कोमट,
हीच वेळ, पुढे उशीर.

गुद्वाइगनं दार उघडलं.
कोबीचं नाव काढलं नाही. त्यानंही नाही.
आत गेली ती बराच वेळ,
भिंतीवरचं घड्याळ ऐकू येण्याइतका.
बाहेर आली ती लाकडी कडं घेऊन,
त्यावर वाळलेलं यीस्ट,
जुन्या रंगाचे पोपडे धरावेत तसं.
"आस्लाउगनं दिलेलं," म्हणाली, "चौऱ्यांशीत.
आमचं मेलं होतं तेव्हा.
तुझ्या आईची वाटी अजून माझ्याकडेच आहे."

रीत अशी, की यीस्ट टाकताना ओरडायचं.
भुतं पळतात म्हणे,
आणि जसा आवाज तशी बिअर चढते.
आई गेल्यापासून सहा वर्षं
तो नुसता खाकरायचा,
सभेत बोलायला उठलेल्या माणसासारखा.
आज कडं बुडवलं, तोंड उघडलं
आणि दाढ निघाली, फेरी निघाली, काच निघाली,
मशीन, कोबी, बँकेचं पाकीट,
आणि सगळ्यात तळाचं काहीतरी
ज्याला वार नव्हता.

पलीकडच्या काठावर कुत्रं भुंकलं.
गुद्वाइग मोज्यांनिशी चिखलातून धावत आली,
वाटलं, भाजला.
तो लालबुंद, डोळे भरलेले.
"धूर," म्हणाला.
"हो," ती म्हणाली, "वारा इकडचाच आहे."
वारा नव्हता.

सोमवारी गाडी सुरू झाली नाही.
संध्याकाळी फेस काढला, तेव्हा चाखायला
रीतीप्रमाणे शेजारी आले, सातजण,
त्यातल्या दोघांनी तोंडं वाकडी केली
आणि तरी पेले पुढे केले.
गुद्वाइग शेवटी आली. वाटी घेऊन.
"कडेला टवका उडालाय," म्हणाली,
"पण तो आधीपासूनचा."
"माहितेय," तो म्हणाला. "मीच पाडलेली.
आईला सांगितलं होतं, मांजरानं."