आपलाच आहे

नॉर्थ रोनाल्डसे बेटाला कडेकडेनं एक भिंत आहे.
चुना नाही, माती नाही, दगडावर दगड.
मेंढ्या बाहेर, किनाऱ्यावर, समुद्राचं शेवाळ खाऊन जगतात.
आत गवत, आत आम्ही.
हिवाळी वादळात भिंत कुठेतरी बसते
आणि मी, मेरन टलक, ती पुन्हा रचते.

म्हणजे रचायची.

मार्चमध्ये डावा पाय माझ्याशी बोलेनासा झाला.
मग उजव्या डोळ्यात धुकं आलं, ते दुपारीही उठेना.
ॲबरडीनला डॉक्टर न्वोसूंनी पडद्यावर माझा मेंदू दाखवला:
राखाडी, आणि त्यात पांढरे ठिपके,
बर्फ वितळताना बांधाच्या सावलीत उरतो तसे.

‘बाहेरचं कुणी नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्याच पेशी.’
कुठल्याशा जुन्या तापात
त्यांनी एका विषाणूचा चेहरा पाठ केला असावा,
आणि नसांवरच्या स्निग्ध वेष्टणात
त्यांना तोच दिसला.
रक्ताची भिंत ओलांडून त्या आत शिरल्या,
आतल्या झोपाळू राखणदारांना हलवून उठवलं,
मग सगळ्यांनी मिळून आग लावली.

कुंपणानंच शेत खाल्लं म्हणावं,
तर कुंपण बिचारं जागच्या जागी होतं.

‘मारून टाका ना त्यांना.’
‘सगळ्या मारल्या तर सर्दीनं जाल.
शिवाय आग लावणाऱ्यांतल्याच काही
नंतर राख उचलतात,
तुटकं वेष्टण खाऊन जागा मोकळी करतात,
नवं चढावं म्हणून.
कुठली केव्हा काय करेल,
ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही.’

आता चार आठवड्यांनी एकदा विमान, सुई, बाटली.
औषध त्यांना मारत नाही,
नुसती त्यांची पकड सोडवतं.
हे मला कळतं. भिंत चढायला पकड लागते.
एक दगड हलला, की मेंढी तिथंच खूर रोवते.

परवा एडमेंढा आत सापडला, करडा, शिंग मोडलेला.
आतलं गवत त्यांना सोसत नाही,
त्यातलं तांबं यकृतात साठतं;
भिंत आम्ही बांधली गवतासाठी,
पण वाचवते ती त्यालाही.
भाचा सँडर काठी घेऊन धावला.
मी माशांच्या उलट्या खोक्यावर बसले होते,
पाय, तो गप्प पाय, पुढे पसरून.

मारू नको, म्हटलं.
आपलाच आहे.
भगदाड कुठंय ते बघ आधी.