कुठवर पोचतं

डॉक्टरीणबाईंनी काटा तळहातावर आपटला
आणि अब्बांच्या अंगठ्यावर टेकवला.
"थरथर जाणवते?"
अब्बा मान तिरकी करून ऐकत राहिले.
"पांढरी एक. पण जरा उतरलाय तुमचा काटा."
"ऐकू येतं ते नको. जाणवतं का सांगा."
जाणवत नव्हतं.

मग प्रश्न. निम्मी उत्तरं मी दिली.
साखर किती वर्षं? चौदा.
तीन महिन्यांची सरासरी? दहाच्या वर, कागद पिशवीत आहे.
बिडी, तंबाखू? "सोडली," म्हणाले अब्बा
आणि खिशावर हात ठेवला.
चहा? गिऱ्हाइकं येतील तितके.
झोप?
तिथं दोघंही गप्प.
शेवटी उंची मोजली.
उंचीचं काय, मी विचारलं.
म्हणाल्या, पायाची नस सगळ्यात लांब,
बिघडायला सुरुवात तिथून. उंच माणसाला जरा जास्तच.
अब्बा पहिल्यांदा हसले.
"लांब तार आधी उतरते. हे मला विचारायचं की!"

झोपेचं मी सांगितलंच नाही.
रात्री दोनला चादरसुद्धा सोसत नाही त्यांना,
तळव्याखाली कुणी निखारे सारल्यागत.
मग शहाबादी फरशीवर पाय टेकून बसतात,
सतारमेकर गल्लीतली कुत्री मोजत.
आणि तेच पाय.
परवा टाचेतून मी पकडीनं तार ओढली,
तीन नंबरची, पोलादी, पेरभर.
दिवसभर तिच्यावर उभं राहून
त्यांनी भोपळा घासला होता.
"दुखलं नाही?"
"कधी?"

गोळी रात्री. चप्पल दुकानातही. बिडी बंद,
हे खिशाकडे बघून.
नस परत येईल का, मला विचारवलं नाही.
रिक्षात तेच म्हणाले,
"जवारी बसली तर घासून काढता येते.
तार गंजली तर"
आणि लक्ष्मी मार्केटपाशी दहा रुपयांवरून भांडत बसले.

आज दुकान मिटताना
मिरजेबाहेर जायचा एक तंबोरा आडवा घेतला,
भोपळा तळव्याला टेकवला. "छेड."
मी खर्ज छेडला.
नाही.
घोट्याला लावला. नाही.
नडगीच्या मध्यावर त्यांनी डोळे मिटले.
"इथं."
कानावरची पेन्सिल काढून
सतारीवर पडद्याची खूण करतात तशी
बारीक रेघ मारली, शेजारी तारीख.
"धुऊ नको. पुढच्या महिन्यात बघू, कुठवर पोचतं."

मी तंबोऱ्याला गवसणी चढवत होते.
खिशातलं बंडल त्यांनी तेवढ्यात
लाकडाच्या भुशात खोल खुपसलं.
लपवलं की टाकलं,
मी विचारलं नाही.