घोटा

रात्री अडीचला रामबागेत आमचाच तेवढा टीव्ही जागा असायचा.
आवाज बंद, कारण आई झोपलेली,
आणि बाबा, मोडल्या हाडांचे वैद्य,
सामना बघायचे तो गुडघ्याखालचा.
चेंडू कुठे आहे, हे त्यांना कधी सांगता आलं नाही.
"हा सहा नंबर उजव्यावर भार देत नाही बघ.
जुनं दुखणं आहे. लपवतोय."
आणि सत्तराव्या मिनिटाला सहा नंबर खाली बसायचा.

हेरंब पिवळ्यांचा.
"खेळ म्हणजे हा, भिया," म्हणायचा,
"सराफ्यात हलवायाच्या हातून जिलबी सुटते ना, तस्सा.
बाकीचे नुसते रेडे."

मी पांढऱ्यांची.
मला ते आवडायचे, उंच, हाडापेरानं रुंद,
कॉर्नरला कोपरं बाहेर काढून उभे राहणारे,
ज्यांचं नाव कुणी आपल्या पोराला ठेवत नाही.
मी स्वतः स्टॉपर. पाच फूट आठ.
बघायला येणाऱ्यांना ती उंची खुपायची,
चिमणबागेच्या मैदानावर मात्र कामाला यायची.
आमच्या सरांचा सगळा खेळ एका वाक्याचा:
चेंडू गेला तर जाऊ दे, माणूस जाता कामा नये.

महूच्या संघात सुनयना बाथम होती.
चाळीस किलो. मोजे घोट्यापर्यंत उतरलेले.
ती चेंडूला लाथ मारत नसे,
त्याच्या कानात काहीतरी सांगायची
आणि तो निघायचा.
तीनदा मी तिच्या सावलीला अडवलं.
चौथ्यांदा
माणूस गेला नाही.

ओली शेंग मोडावी तसा आवाज.
रेफरीनं शिट्टीसुद्धा वाजवली नाही.
(हे मी अजून दोन्ही बाजूंनी सांगते.)

रिक्षात घालून तिला आमच्याच घरी आणलं,
आणखी कुठे नेणार.
कोणी केलं, बाबांनी विचारलं नाही.
मला सहाणेवर आंबेहळद उगाळायला बसवलं,
मग म्हणाले, "धर. टाच अशी, तळहातात."
धरली.
गरम होती, आणि वाटली होती त्याहून जड.
अंगठ्याखाली जुन्या मोडण्याच्या गाठी लागल्या.
एक, दोन, तीन.
म्हणजे माझ्याआधी तिघी.
म्हणजे जिच्यावर महू जीव टाकत होतं ती सगळी नजाकत
दुखऱ्या जागेला वळसा घालता घालता
पायात आली होती.

बाबांनी झटका दिला. ती ओरडली नाही.
तिनं माझं मनगट पकडलं,
आणि काय पकड होती ती!
चाळीस किलोंतली सगळी ताकद
तिथे होती.

त्या रात्री सामना होता.
तिचे वडील पहाटे यायचे होते.
ती दिवाणावर, पायाला बांबूच्या पट्ट्या, जागीच.
पिवळ्यांचा अकरा नंबर तिघांतून निसटला
आणि पांढऱ्यांच्या स्टॉपरनं त्याला आडवा केला.
हेरंब शिव्या देत उठला.
"थांब," बाबा म्हणाले, "परत दाखवतायत."

संथ गतीत दिसलं:
खांदा लागायच्या आधी
त्या धिप्पाड माणसानं पाऊल काढून घेतलं होतं.
अर्धं बोट.
स्वतःचा तोल गेला त्याचा. समोरच्याचा घोटा वाचला.
"एवढं वजन, एवढ्या वेगात, आवरायचं," बाबा म्हणाले,
"ह्याला काय म्हणतोस?"
हेरंब काहीच म्हणाला नाही.
दिवाणावरून आवाज आला, "फाउल आहे पण."
"आहेच," बाबा म्हणाले.

सकाळी पोहे खाऊन ती गेली.
जिरावन दोनदा मागून घेतलं.

पुढच्या मोसमात पुन्हा चिमणबाग.
ती माझ्या उजवीकडून आली, मोजे तसेच उतरलेले.
खांदा दिला मी, पुरता दिला,
हलली ती, लडखडली,
आणि मी पाऊल काढून घेतलं.
गोल झाला.
रेषेवरून सर काय काय ओरडत होते,
ऐकू येत होतं.
मी मनगट चोळत
मधल्या वर्तुळाकडे चालत गेले.