वऱ्हाडीतला र

अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरवाल्याला लागून
आमचं दुकान. फलक, स्टिकर, पिकअपच्या दारावरची नावं.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं. ती दिवसातून दोनदा ओतायची,
हेही माझ्याच कामात, डिझायनर म्हणून.

कुंजुमोनसेठ म्हणाले, दरमहा भाड्याचं सॉफ्टवेअर
म्हणजे आणखी एक बिऱ्हाड पोसणं. फुकटातलं बघ.
मी तीन उतरवली.
एकात रेघ लोण्यातून निघाल्यागत यायची,
पण अरबी टाकली की अक्षरांचे हात सुटायचे
आणि ती पाठमोरी, सुटी सुटी उभी राहायची.
दुसऱ्यात अरबी शहाण्यासारखी वागायची,
पण छापून आलं की लाल रंगाची वीट झालेली.
तिसरं दिसायला कुरूप. तेच राहिलं.

मग नको ते काढत बसले. फुलांच्या चौकटी,
सावल्यांचे अठ्ठावीस प्रकार, वितळणारी अक्षरं.
चमकणारी मात्र ठेवली,
मोबाइल-दुकानवाले ऐकत नाहीत.
हत्यारांची पट्टी उचलून उजवीकडे लावली,
इथलं काम उजवीकडूनच सुरू होतं.
रंगांना आकडे होते, मी नावं दिली:
कडक करक, धुळीच्या दिवसाचं आभाळ,
साडेतीनची भिंत,
खाडीतल्या जुन्या लाँचचा उडालेला निळा.

बखीत शिडीवर चढून फलक बसवतो.
खार्तुममध्ये तो हाताने रंगवायचा, चाळीस वर्षांखाली.
जेवणाच्या सुट्टीत त्याच्या हातात पेन दिलं,
पाटीवर अलिफ काढ म्हटलं. तो हसला,
हात पँटला पुसले. पहिली रेघ काडीसारखी आली.
ब्रशचा कोन पंचेचाळीस केला, त्याने मान हलवली.
चाळीस. शुवय्या, शुवय्या, म्हणाला. हळू.
सदतीसला थांबला. काहीच बोलला नाही,
नुसता बे काढला, मग नून, मग पुन्हा नून.
तो ब्रश मी जपून ठेवला: बखीत ३७.

भास्कर तायडे आले ते ह्या सगळ्यानंतर.
अकोल्याचे, नुऐमियात खानावळ टाकणार होते.
अरबी वर, मोठ्या अक्षरात, बखीत ३७ ने काढलेली.
खाली मराठी: वर्हाडी खानावळ.
त्यांनी पडद्याला बोट लावलं. ताई, हे काय?
र डोक्यावर चढवून ठेवलाय तुम्ही.
आमचा र हच्या पोटाशी असते, कोरीसारखा.

मी किती दिवस तो लिहिलाच नव्हता.
इथे कोणाला लागतो?
चार फॉन्ट उघडले. दोघांत तो नव्हताच,
एकात चौकोन, एकात होता, पण झिजल्या नखाएवढा.
शेवटी स्वतः काढला, ब्रश बदलायचा राहिला
म्हणून सदतीसच्याच कोनात,
आणि तो बरा दिसला.
त्याला एक कळ दिली, कंट्रोल आल्ट आर.
अख्ख्या अजमानात ती कळ दाबणारी
बहुधा मी एकटी.

फलक लागला. बखीतने संध्याकाळी दिवे सुरू केले.
सगळी अक्षरं उजळली, कोर तेवढी नाही.
इतक्या अरुंद जागेत दिव्याची पट्टी वळत नव्हती,
त्याने ती कापून खिशात टाकली होती.
रस्त्यापलीकडून वाचलं: वहाडी खानावळ.

तायडे म्हणाले, राहू द्या ताई.
ज्याले यायचं तो वास घेत येईन.

दुसऱ्या दिवशी बादली ओतली, फाइल उघडली,
र चार मिलिमीटरने जाड केला.
बखीतला शिडी काढायला सांगितलं.